बापाचा हात

माझा थोरला मुलगा नववीत असताना त्यानं वर्गातल्या एका पोराचं डोकं फोडलं. तक्रार घरी आली. ‘मारामारी करतोस?’ असं विचारत मी त्याला छडीनं मारलं. यात काही विसंगत आहे, असं तेव्हा मनातही आलं नाही.

आल्बर्ट बांडुरा आणि रिचर्ड वॉल्टर्स या मानसशास्त्रज्ञांनी १९५९ साली कॅलिफोर्नियातल्या आक्रमक किशोरांविषयी पुस्तक लिहिलं. ही मुलं खात्यापित्या घरांतली होती. घरात उलट उत्तर दिलं की त्यांना शिक्षा व्हायची. बाहेर मात्र ‘मार खाऊन येऊ नकोस’ अशी शिकवण मिळायची. बापलेकांत जिव्हाळा कमी होता.

तुम्ही म्हणाल, हे तिकडचं झालं. आपल्याकडचा इतिहास पाहा. १९८२ साली चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. १९८६ साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तिथं ‘सर्च’ संस्था सुरू केली. पुढं दारूविरुद्ध गावं उठली, बाया पुढं झाल्या आणि १९९३ साली जिल्ह्यात दारूबंदी झाली. चंद्रपूरच्या बाया डिसेंबर २०१० मध्ये पारोमिता गोस्वामी यांच्यासोबत चिमूरहून पायी नागपूरला विधिमंडळावर गेल्या. १ एप्रिल २०१५ पासून तिथंही बंदी आली. २०२१ मध्ये ती उठली. गडचिरोलीत ती कायम आहे.

बंदी साधली की फसली, हा वाद चालूच राहील. पण या लढ्याकडं आपण बुडालेली मजुरी आणि बायकोला होणारी मारहाण, एवढ्याच हिशेबानं पाहतो. त्या झोपडीच्या कोपऱ्यात एक पोरही जागं असतं. राग आला की काय करायचं, हे ते बापाकडं पाहून शिकतं. सगळीच पोरं तशी होत नाहीत. कुणाला आजी सावरते, कुणाला मास्तर. पण जे पोर हात उगारतं, त्याच्याविषयी आपण ‘वयच तसं आहे’ म्हणून मोकळे होतो.

आमच्या घरात दारू कधी आली नाही, याचा मला अभिमान होता. छडीचा विचार मी केलाच नव्हता. गेल्या ईदला नातवानं चुलतभावाला ढकललं आणि मुलाचा हात वर गेला. मी म्हणालो, ‘तेव्हा मी चुकलो होतो, बेटा.’ त्यानं हात खाली घेतला. एवढं बोलायला मला सोळा वर्षं लागली.