सरकारी कोठारातला गांजा

तुरीत गांजा सापडला की आपल्या सावंगीत ‘पूर्वी असं नव्हतं’ हे ऐकतोच. मित्रांनो, पूर्वी तर सरकारच यावर कर घ्यायचं!

इंग्रजांच्या काळी वर्धा मध्य प्रांतात होतं. गांजाच्या लागवडीचा परवाना खंडव्याकडच्या शेतकऱ्यांना. नर झाडं उपटायची, मादीचा फुलोरा कापून वाळवायचा, माल सरकारी कोठारात ठेवायचा. तिथून तो ठेकेदाराकडे. १८९३-९४ च्या चौकशी आयोगानंही सरसकट बंदी नको म्हटलं.

१९८५ च्या कायद्यानं फुलोरा गुन्हा ठरला. नुसतं पान, म्हणजे भांग, व्याख्येबाहेर राहिलं.

२०२१ ला सोलापूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं, पिकांना भाव नाही म्हणून, कलेक्टरकडे गांजाची परवानगी मागितली. लोक हसले. मला हसू नाही आलं. नशेची बाजू मी घेत नाही, पण कापसा-तुरीच्या भावाचं बोला ना!