निर्धन मुलांचें संगीतशिक्षण : बडोदें व लाहोर येथील दोन उपक्रम

देवगिरीच्या सिंघण यादवाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवानें ‘संगीतरत्नाकरा’च्या आरंभीं गीताचा महिमा वर्णितांना पाळण्यांतील अर्भकाचा दाखला दिला आहे. विषयसुखाची ओळख नसलेलें तें रडणारें मूल गीत ऐकतांच हर्षभरित होतें, असा त्याचा आशय. तें मूल धनिकाचें कीं दरिद्र्याचें, हें शार्ङ्गदेव सांगत नाहीं. परंतु पाळण्यांतून उतरलेल्या मुलाच्या कानीं रागदारीचें गाणें पडावें कीं नाहीं, हें दीर्घ काळ त्याच्या कुळावरच अवलंबून राहिलें. गवयाचें मूल घरांत शिके, संस्थानिकाचें मूल दरबारांत ऐके. इतरांच्या वांट्यास कीर्तन, भजन आणि देवळांतील चौघडा येई. ही मर्यादा मोडण्याचे जे यत्न झाले, त्यांपैकीं दोहोंचा विचार येथें कर्तव्य आहे.

पहिला बडोद्याचा. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयानें मौलाबक्ष (१८३३–१८९६) यांनीं इ. स. १८८६ मध्यें तेथें गायनशाळा काढली. स्वरलेखनाची पद्धति बसवून त्यांनीं विद्या पुस्तकांत आणिली. गुरुगृहीं वर्षानुवर्षें सेवा करून मर्जी संपादण्याच्या जागीं ठराविक वेळचा वर्ग आला, आणि त्याचा भार राज्याच्या खजिन्यानें उचलिला. याच राज्यानें इ. स. १८९३ मध्यें अमरेली तालुक्यांत सक्तीचें मोफत प्राथमिक शिक्षण आरंभून इ. स. १९०६ मध्यें तें राज्यभर लागू केलें. विद्यादान हें राज्याचें कर्तव्य, हीच दृष्टि दोन्हींच्या मुळाशीं दिसते.

दुसरा यत्न विष्णु दिगंबर पलुसकर यांचा. कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराच्या या मुलाची दृष्टि लहानपणीं दारूकामानें अधू झाली व पुस्तकी शिक्षणाची वाट खुंटली. मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं त्यांनीं गायन संपादिलें, इ. स. १८९६ मध्यें मिरज सोडली, आणि ता. ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें. इ. स. १९०८ मध्यें तें कार्य मुंबईस आलें. त्यांनीं गाण्यास सभ्य घरांत प्रतिष्ठा मिळवून दिली, एवढेंच बहुधा लिहिलें जातें. तें खरें असलें तरी अपुरें आहे. विद्यालयाचा उपदेशक वर्ग पाहिल्यावांचून त्यांच्या कार्याची परीक्षा पुरी होत नाहीं. या वर्गांतील मुलांस नऊ वर्षांच्या करारावर अन्न, वस्त्र, निवास व विद्या विनामूल्य मिळे.

दोन उदाहरणें पुरेत. विनायकराव पटवर्धन इ. स. १९०७ मध्यें, वयाच्या नवव्या वर्षीं, लाहोरास गेले. मिरजेच्या अधिपतींनीं त्यांस दरमहा १६ रुपयांचें विद्यार्थीवेतन दिलें होतें. ओंकारनाथ ठाकुरांचें बाळपण भडोचेस मोलमजुरींत गेलें. शहापुरजी मंचरजी डुंगाजी या पारशी गृहस्थांनीं त्यांचा गळा ओळखून त्यांस मुंबईच्या विद्यालयांत धाडिलें. पुढें इ. स. १९१६ मध्यें तेच लाहोरच्या विद्यालयाचे मुख्याध्यापक झाले.

पलुसकरांनींही ‘संगीत बालप्रकाशा’सारखीं स्वरलिपीचीं पुस्तकें मुलांसाठीं काढलीं. परंतु स्वरलिपि स्वराचें नांव सांगते. मींड कशी ओढावी, आंदोलन किती द्यावें, हें ती सांगूं शकत नाहीं. तें गाणाऱ्याच्या समोर बसूनच कळतें. पुस्तक थोडक्या खर्चांत छापितां येतें, पण गाणारा गुरु आणि दोन वेळचें अन्न यांस खर्च लागतो. उपदेशक वर्गानें हीं दोन्ही एकत्र आणिलीं, हें त्याचें खरें वैशिष्ट्य होय.

तो खर्च मैफलींच्या तिकिटांवर, देणग्यांवर व शेवटीं कर्जावर चालला. इ. स. १९२४ मध्यें मुंबईच्या इमारतीचा लिलाव झाला. बडोद्याची शाळा मात्र राजकोशाच्या आधारानें टिकली व कालांतरानें तेथील महाराजा सयाजीराव विद्यापीठांत विलीन झाली. पलुसकरांची परंपराही तुटली नाहीं. त्यांच्या निधनानंतर शिष्यांनीं इ. स. १९३१ मध्यें मंडळ स्थापून ती चालविली. परंतु त्या मंडळाची ख्याति परीक्षांमुळें झाली. मुलास पोसून शिकविण्याची जुनी रीत हें तिचें अंग राहिलें नाहीं.

एक मर्यादाही निःपक्षपातानें नोंदविली पाहिजे. पलुसकरांच्या नामांकित शिष्यांत ब्राह्मण आडनांवेंच अधिक आढळतात. निर्धनास द्वार उघडलें. परंतु जो निर्धन असून अस्पृश्यही गणला जाई, त्याच्यापर्यंत तें उघडणें सहजासहजीं पोहोंचलें नाहीं.

इ. स. १९७७ मध्यें डॉ. किरण सेठ यांनीं स्थापिलेली स्पिक मॅके ही संस्था कलावंतांस शाळाशाळांतून नेऊन मुलांपुढें प्रत्यक्ष गावयास व वाजवावयास लावते. यांत श्रवण आहे, निवास नाहीं. तथापि गाणाऱ्यासमोर मूल बसविण्याचें मूळ तत्त्व तेंच.

संग्राहकांस एक विनंति. आपण दरबारी फर्मानें व बंदिशींच्या वह्या जपतों. त्यांबरोबरच मिरज, कुरुंदवाड, सांगली व बडोदें येथील घरांतून आढळणारे विद्यार्थ्यांचे करारनामे, भोजनगृहाचे जमाखर्च व मुलांच्या स्वरलिपीच्या फाटक्या पुस्तिकाही रद्दींत जाऊं देऊं नयेत. मोठ्या गवयाचें नांव कोणीही लिहून ठेवतो. ज्या मुलानें नऊ वर्षें शिकून गांवच्या शाळेंत गाणें शिकविलें, त्याचें नांव अशा कागदांवरच उरतें.