मर्म, काळीज आणि एल्क

'मर्म' हा शब्द आम्ही मराठीचे अध्यापक जवळजवळ प्रत्येक तासाला वापरतो. कवितेचे मर्म, कथेचे मर्म, मर्मग्राही समीक्षा, मर्मज्ञ रसिक. विद्यार्थी तो निमूटपणे वहीत उतरवून घेतात आणि परीक्षेत आम्हालाच परत करतात. या देवघेवीत शब्दाचे मूळचे रक्तामांसाचे शरीर केव्हाच विरून गेले आहे. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात मानवी देहातील १०७ मर्मे सांगितली आहेत आणि तेथे घाव बसल्यास काय घडते यावरून त्यांचे पाच प्रकार केले आहेत. तत्काळ प्राण घेणारी, काही काळाने घेणारी, शल्य उपटताच घेणारी, व्यंग ठेवणारी आणि केवळ वेदना देणारी. सुश्रुत शल्यवैद्य होता. शस्त्र कोठे चालवू नये हे सांगण्यासाठी त्याने हा नकाशा काढला. शिकारी तोच नकाशा उलटा धरून वाचतो.

या उलट्या वाचनाचा एक इतिहास आम्हाला गेले काही महिने खुणावतो आहे. तो आपल्याकडचा नाही; उत्तर अमेरिकेतील एल्क या महाकाय हरणाच्या शिकारीचा आहे. आमच्यापैकी कोणीही शिकारी नाही. एन.सी.सी.च्या शिबिरात कागदी लक्ष्यावर झाडलेल्या चार-दोन गोळ्या हीच आमची नेमबाजी, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या आमच्या पिढीला त्याहून अधिकाची इच्छाही नाही. तरीही 'नेम कोठे धरावा' या प्रश्नाला माणसाने वेळोवेळी दिलेली उत्तरे वाचताना आपण वाङ्मयाच्याच प्रांतात आहोत असे वाटत राहते.

प्रथम नावाचा घोळ. युरोपातल्या इंग्रजीत 'एल्क' म्हणजे ज्याला अमेरिकेत 'मूस' म्हणतात तो प्राणी. अमेरिकेत गेलेल्या इंग्रजांनी ते नाव दुसऱ्याच हरणाला चिकटवले. सिलोनमधल्या इंग्रजांनी तर आपल्या सांबरालाच एल्क केले. सॅम्युअल बेकरच्या १८५४च्या सिलोनविषयक शिकारग्रंथात कुत्री सोडून आणि हाती सुरा घेऊन ज्या 'एल्क'चा पाठलाग चालतो, तो सांबर आहे. अमेरिकन एल्कचे खरे देशी नाव 'वापिटी'. ते शॉनी भाषेतले असून त्याचा अर्थ पांढऱ्या पुठ्ठ्याचा. पळत्या एल्कचे सर्वांत आधी डोळ्यांत भरणारे अंग म्हणजे हा फिकट पुठ्ठा. नेमका हाच भाग शिकाऱ्याने नेमासाठी कधीही निवडू नये असा आज दंडक आहे. मागून मारलेली गोळी आतड्यांतून आणि कोठ्यातून वाट काढते. मांस नासते आणि जनावर तासन्‌तास तडफडते. पाठमोऱ्या जनावरावर झाडलेल्या अशा गोळीला तिकडच्या बोलीत 'टेक्सासचा हृदयवेध' असे कुत्सित नाव आहे. शिवी आणि विनोद यांच्या सीमेवरचा हा वाक्प्रचार आम्हाला फार बोलका वाटतो.

मग नेम धरायचा कोठे? जनावर आडवे, म्हणजे एक पूर्ण बाजू आपल्याकडे करून उभे असावे. पुढच्या पायाच्या मागील कडेने नजर वर न्यावी आणि छातीच्या उंचीच्या साधारण खालच्या तिसऱ्या हिश्शाशी, फार तर मध्याच्या किंचित खाली, थांबावे. तेथे दोन्ही फुप्फुसे आहेत आणि त्यांच्या तळाशी, पायांच्या मध्ये, हृदय. नराचे वजन तीनशे किलोंच्या घरात. एवढ्या धुडात हा प्राणघातक प्रदेश जेमतेम एका फुटाच्या थाळीएवढा. जनावर तिरपे, तोंड पलीकडे करून उभे असेल तर नेम मागे सरकवून पलीकडच्या पुढच्या पायाच्या रोखाने धरतात. कारण गोळी कातडीला कोठे लागते यापेक्षा ती आत कोठून जाते हे महत्त्वाचे. ते तोंड आपल्याकडे करून उभे असेल, तर बहुतेक जाणते शिकारी बार टाळतात.

नवख्याला वाटते, डोक्यात गोळी घातली की खेळ एका क्षणात संपला. पण एल्कचा मेंदू लहान आहे आणि डोके सतत हलते. चार बोटे चूक झाली की जबडा फुटतो, आणि जबडा फुटलेले जनावर पळून जाऊन उपासमारीने मरते. मानेतला कणाही असाच फसवा. म्हणून शहाण्यांची निवड सर्वांत जलद मृत्यूच्या जागेवर जात नाही. नेमबाजाची चूक पोटात घालणारी जागा ते निवडतात. हृदयावर धरलेला नेम थोडा वर गेला तर फुप्फुसे आहेत, पण थोडा खाली गेला तर नुसता पाय मोडतो. फुप्फुसांच्या मध्यावर धरलेला नेम चहूबाजूंना थोडा चुकला तरी प्राणघातकच राहतो. स्वतःच्या हाताविषयीचा हा अविश्वास म्हणजेच या विद्येतील प्रगती, असे आमचे मत झाले आहे.

येथे मराठीविषयी एक आगंतुक शंका. आपल्या गाण्यांत आणि कादंबऱ्यांत बाण 'काळजात' घुसतो आणि घायाळ प्रेमिक तत्क्षणी कोसळतो. खाटकाकडे काळीज मागितले तर मात्र यकृत मिळते. यकृतात लागलेला एल्क कोसळत नाही. तो थोडे अंतर जाऊन बसतो आणि काही तासांनी मरतो. त्याचे रक्त काळपट असते. फुप्फुसांतले रक्त गुलाबी व फेसाळ, आणि रक्तात हिरवट चोथा दिसला तर घाव पोटात बसला हे समजावे. आपल्या कवींनी घायाळ प्रेमिकाला निदान दोन-तीन तास द्यायला हवे होते. असो.

हे सारे सुज्ञपण एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी नव्हते. मेरिवेदर लुईस आणि विल्यम क्लार्क यांची मोहीम १८०४ ते १८०६ या काळात मिसुरी नदीच्या मार्गाने पश्चिम किनाऱ्यापर्यंत जाऊन परतली. तिचे पोट मोठ्या प्रमाणात एल्कवर चालले. पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या फोर्ट क्लॅटसप येथे काढलेल्या हिवाळ्यात, १ डिसेंबर १८०५ ते २० मार्च १८०६ या दिवसांत, त्यांनी १३१ एल्क मारल्याची मोजदाद सार्जंट पॅट्रिक गास याने लिहून ठेवली आहे. तेथे नेमाची चर्चा नाही, भुकेची आहे.

परतीच्या वाटेवर, ११ ऑगस्ट १८०६ रोजी, मिसुरीकाठच्या विलोच्या दाट झुडपांत लुईस आणि पिएर क्रुझात हे दोघे एल्कच्या मागावर उतरले. क्रुझात हा तरबेज नावाडी आणि तांड्याचा फिडलवादक. पण एका डोळ्याने आंधळा आणि दुसऱ्याने अधू. लुईसने एक एल्क मारला, क्रुझातने एक जखमी केला. बंदुका पुन्हा भरून दोघे वेगवेगळ्या वाटांनी झाडीत शिरले. लुईस दुसऱ्यांदा बार टाकणार तोच एक गोळी त्याच्या डाव्या मांडीत, खुब्याच्या सांध्याच्या इंचभर खाली शिरली आणि हाड चुकवून उजव्या बाजूला चाटून गेली. त्याच्या अंगावर चामड्याचे तपकिरी कपडे होते. त्याने क्रुझातला हाका मारल्या. उत्तर आले नाही. मूलनिवासींचा हल्ला झाला असे समजून त्याने माणसे गोळा केली. शेवटी त्याच्या विजारीतच सापडलेली गोळी त्यांच्याच तांड्यातल्या बंदुकीची निघाली. क्रुझातने तपकिरी रंग पाहिला आणि एल्क गृहीत धरला. गोळी लागली तीही वापिटी या नावाने दाखवलेल्या त्याच मागच्या बाजूला.

दुसऱ्या दिवशी लुईसने लिहिले की या अवस्थेत लिहिणे अतिशय कष्टाचे आहे, तेव्हा बरे वाटेपर्यंत लेखन थांबवून पुढची दैनंदिनी क्लार्कवर सोपवतो. त्यानंतरही, पालथे पडल्या पडल्या, त्याने काठावर दिसलेल्या एका रानचेरीचे शास्त्रशुद्ध वर्णन केले. मोहिमेच्या दैनंदिनीत त्याच्या हातची ती शेवटची नोंद. दैनंदिनी हा वाङ्मयप्रकार शिकवताना आम्ही उपयोगात आणतो ती उदाहरणे या नोंदीपुढे फिकी वाटतात. आज कोलोरॅडोसारख्या राज्यांत बंदुकीच्या हंगामात शिकाऱ्याला भडक केशरी वा गुलाबी रंग अंगावर घालावाच लागतो. प्रत्येक तपकिरी हालचाल एल्क नसते, हे कायद्यात लिहावे लागले.

शतक सरता सरता प्रश्नच पालटला. युरोपीय येण्यापूर्वी सुमारे एक कोटी असावेत असा अंदाज असलेले एल्क १९००च्या सुमारास एक लाखाहूनही कमी उरले. मांस, कातडी आणि दात! एल्कच्या वरच्या जबड्यातील दोन हस्तिदंतासारखे सुळे घड्याळाच्या साखळीला लटकवण्याची टूम, एल्कचेच नाव घेतलेल्या एका बंधुसंघाच्या सदस्यांत पसरली होती. दोन दातांसाठी तीनशे किलोंचे जनावर मारून टाकून दिले जाई. याच काळात, १८८७ साली, थिओडोर रूझवेल्ट आणि जॉर्ज बर्ड ग्रिनेल यांनी बून अँड क्रॉकेट क्लब स्थापिला आणि जनावराला निसटण्याची खरी संधी देणाऱ्या शिकारीची आचारसंहिता रुजवली. रूझवेल्टने १८९१ साली टू ओशन खिंडीत केलेली एल्कची शिकार त्याच्या १८९३च्या ग्रंथात आहे. दृष्टी अधू असलेला हा गृहस्थ आपण उत्तम नेमबाज नसल्याचे मोकळेपणाने सांगतो. त्याच्या लेखनातले रान, थंडी आणि नरांचे शिळ घातल्यासारखे ओरडणे आम्हाला आवडते. पण त्याची नीती प्रामुख्याने बार टाकण्यापूर्वीची आहे. गोळी लागल्यानंतर जनावराचे जे होते, त्याचा विचार अधिक बारकाईने धनुर्धरांना करावा लागला.

तो करणारा सॅक्स्टन पोप हाही शल्यवैद्यच होता, हा योगायोग आम्हाला सुखावून गेला. सॅन फ्रान्सिस्कोत तो ईशीचा वैद्य होता. ईशी हा याही जमातीतील अखेरचा ज्ञात पुरुष. १९११ साली तो रानातून बाहेर आला आणि १९१६ साली क्षयाने वारला. त्याने पोपला धनुष्य बनवायला आणि वापरायला शिकवले. ईशीचे कौशल्य दूरच्या नेमात नव्हते. दबकून, थांबून, जनावराला आवाजाने भुलवून तो अंतरच संपवत असे. पोपचा धनुर्विद्येवरील ग्रंथ १९२३ साली आला. बाणाला गोळीसारखा धक्का नसतो. तो कापतो, आणि मृत्यू येतो रक्तस्रावाने. म्हणून जागा अचूक हवी आणि अंतर कमी हवे.

आपल्या काव्यपरंपरेत याच्या नेमके उलट कौतुक आढळते. 'शाकुंतला'च्या दुसऱ्या अंकात सेनापती मृगयेची थोरवी गातो, तेव्हा चंचल लक्ष्यावर बाण सिद्ध होणे हाच धनुर्धराचा उत्कर्ष मानतो. धावत्या एल्कवरचा बार आजचा जबाबदार शिकारी सहसा सोडून देतो. त्या बारात कीर्ती मारणाऱ्याची असते आणि चुकीची किंमत मात्र जनावर मोजते.

दशरथाची गोष्ट आम्ही वर्गात शाप आणि करुणरस यांच्या अंगाने शिकवतो. शरयूच्या काठी अंधारात घट भरण्याचा आवाज ऐकून त्याने हत्ती गृहीत धरला. क्रुझातचा तपकिरी रंग आणि दशरथाचा आवाज यांत आम्हाला फारसा भेद दिसत नाही. पण वाल्मीकींनी त्यापुढचा क्षण फार सावकाश लिहिला आहे. बाण रुतलेला आहे. तो ठेवला तर वेदना, काढला तर मृत्यू. राजा घोटाळतो, आणि अखेर मुलाच्याच सांगण्यावरून बाण उपटतो. सुश्रुताने शल्य काढताच प्राण घेणारी म्हणून जी मर्मे वेगळी काढली, त्यांची येथे आठवण होते.

एल्कच्या शिकाऱ्यालाही हा सावकाश वेळ काढावा लागतो. बार टाकल्यावर धावत सुटायचे नाही. जनावर कोठे उभे होते, कोणत्या झाडाआड गेले हे डोळ्यांनी पक्के करून तेथेच बसून राहायचे. घाव फुप्फुसांत असेल तर अर्धा तास. यकृतात असेल तर काही तास. पोटात असेल तर त्याहूनही अधिक, कधी रात्रभर, कारण मागे लागल्याची चाहूल लागताच ते मरणोन्मुख धूड उठून मैलभर जाईल आणि मग रक्ताचा मागही सापडणार नाही. आपला नेम कोठे लागला हे त्या वेळी बहुधा त्याला पुरते ठाऊक नसते. पुढे गेल्यावर पानावरचा पहिला थेंब दिसतो, तेव्हा तो वाकून त्याचा रंग पाहतो.