शेव्हरले कॅमॅरो झेडएल-१

अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या शेव्हरले विभागाने १९६९ च्या मॉडेल वर्षात काढलेली दुर्मिळ मसल कार. अशा केवळ ६९ गाड्या तयार झाल्या. लहान व मध्यम गाड्यांत ४०० घन इंचांहून मोठे इंजिन बसवू नये, असा कंपनीचा दंडक होता. टॅक्सी, पोलीस वाहने यांसारख्या खास मागण्यांसाठीच्या ‘कोपो’ या ऑर्डर-पद्धतीतून त्याला पळवाट मिळाली. इलिनॉयमधील ला हार्प येथील विक्रेते फ्रेड गिब यांनी शेव्हरलेच्या व्हिन्स पिगिन्स यांच्याशी बोलून ड्रॅग शर्यतींसाठी ५० गाड्यांची मागणी नोंदवली.

गाडीचे वैशिष्ट्य म्हणजे ४२७ घन इंचांचे (सुमारे ७ लिटर) व्ही-८ इंजिन. त्याचा ब्लॉक व हेड अॅल्युमिनियमचे असून सिलिंडरमध्ये ओतीव लोखंडाची अस्तरे होती. अधिकृत क्षमता ४३० अश्वशक्ती असली, तरी प्रत्यक्षात ती ५०० च्या पुढे जाई. एकट्या इंजिनासाठी ४,००० डॉलरांहून अधिक मोजावे लागत. त्यामुळे गाडीची किंमत ७,००० डॉलरांवर गेली. एवढ्या किमतीला गिऱ्हाईक मिळेना, म्हणून गिब यांच्याकडील अनेक गाड्या कंपनीने परत घेऊन इतर विक्रेत्यांकडे पाठवल्या.

बाहेरून ही गाडी साधीच दिसे : पोलादी चाके, लहान हबकॅप आणि अंगावर झेडएल-१ चे चिन्हही नाही. शर्यतींत अनेकींची मूळ इंजिने बदलली गेली. साहजिकच आज अस्सलपणा ठरवताना इंजिन-ब्लॉकवर ठोकलेले क्रमांक आणि विक्रीची मूळ कागदपत्रे पडताळतात. शेव्हरलेने २०१२ च्या मॉडेलसाठी हे नाव पुन्हा वापरले.