सर जॉन माल्कम : पेशव्यास पेन्शन देणारा खासदार

१/ कुंभवली-बोईसरच्या दक्षिणेस, आपल्याच जिल्ह्यातील वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला. जून १८१८ मध्ये तोच बाजीराव कंपनीच्या फौजेतील सेनानी सर जॉन माल्कम याच्या स्वाधीन झाला.

२/ माल्कमने त्यास वार्षिक ८ लाख रुपयांचे पेन्शन कबूल केले. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज यास ही रक्कम फार वाटली. युद्ध लांबण्यापेक्षा ती परवडते, असे माल्कमचे मत होते.

३/ १८२७ ते १८३० तो मुंबईचा गव्हर्नर होता. बोरघाटाचा गाडीरस्ता त्याच्याच कारकिर्दीत खुला झाला. महाबळेश्वरची माल्कमपेठ त्याच्याच नावाची.

४/ मायदेशी परतल्यावर १८३१ मध्ये तो लॉन्सेस्टनचा खासदार झाला. ती जागा नावापुरती मतदारांची, प्रत्यक्षात नॉर्थंबरलंडच्या ड्यूकच्या मुठीतली. अशा जागांना कात्री लावणाऱ्या सुधारणा विधेयकास माल्कमने पार्लमेंटात विरोध केला. विधेयक १८३२ मध्ये संमत झाले. १८३३ मध्ये माल्कम वारला.

५/ आपल्या मुलखाचे भवितव्य ठरविणारी ती पार्लमेंट तेव्हा खुद्द इंग्रज रयतेचीही पुरती नव्हती. माल्कमची कारकीर्द वाचताना हे ध्यानी ठेवावे.