सुराचा हिशेब

माझा बा सनई वाजवायचा. शाळेचे तोंड त्याने पाहिले नव्हते. लग्नाच्या मांडवाबाहेर, देवळाच्या पायरीखाली उभे राहून त्याने जन्मभर फुंकले. सूर आत जायचा. बा जात नसे. आम्ही मातंग. गावगाड्याने हलगी आणि सनई आमच्या गळ्यात बांधली होती. घरातला पहिला पदवीधर होऊन मी कॉलेजात इतिहास शिकवू लागलो, तेव्हा ती सनई मला गुलामीची खूण वाटे. हे खोटे नव्हते. पण पुरेही नव्हते.

सनईच्या भोकावर बोट ठेवले की स्वर मिळाला, असे होत नाही. ओठांनी पत्ती आवळली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. भोक अर्धे झाकून मधले स्वर काढावे लागतात. उन्हात नळीतली हवा तापते, सूर चढू लागतो. म्हणून क्षणोक्षणी कानानेच पारख करायची. शेजारी चुलता दुसऱ्या सनईवर नुसता षड्ज धरून उभा असे. त्याच्याशी बा प्रत्येक स्वर जुळवी. 'पेटीचा गंधार टोचतो,' असे तो म्हणे.

या टोचण्याचा हिशेब मला पुढे पुस्तकात सापडला. षड्जाशी जुळणारा शुद्ध गंधार पाचास चार या प्रमाणात असतो. पेटीतला गंधार त्याहून अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या हिश्शाने चढा असतो. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक काढले; त्यांच्या मोजमापाला अब्दुल करीम खाँ यांचे साहाय्य होते. १९४० साली ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी घातली. ती सत्तरच्या दशकात सैल झाली. देवलांचे श्रम मोठे आहेत, याबद्दल वाद नाही. प्रश्न एवढाच, की जे ज्ञान कागदावर शास्त्र ठरले, तेच बाच्या ओठांवर 'जातीचा धंदा' का राहिले? बिस्मिल्ला खाँ यांना २००१ साली भारतरत्न मिळाले. सनई मंचावर गेली. आमचा वाजंत्री मांडवाबाहेरच राहिला.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे बिल आणले, ते वेठीविरुद्ध. वेठ झुगारलीच पाहिजे. पण वेठीबरोबर विद्याही उकिरड्यावर गेली, तर तो तोटा आपलाच. ती विद्या आपल्या पूर्वजांनी कमावली होती; गावाने दिली होती ती फक्त पायरीखालची जागा. आपल्या विद्यार्थ्यांनी गावोगावच्या म्हाताऱ्या वाजंत्र्यांपाशी बसावे, त्यांचे बोलणे आणि वाजवणे टिपून ठेवावे. हाही इतिहासच आहे.

बा गेला. सनई माझ्या पुस्तकांच्या कपाटावर आहे. पेटी ऐकतो, पण तिचा गंधार माझ्या कानाला टोचत नाही.