प्रिन्स ऑफ पर्शिया : कोणता भाग सगळ्यात सरस? १९८९ ते २०२४, एक तुलना

नव्वदच्या दशकात कॉम्प्युटर क्लासला जाऊन ज्यांनी डॉसच्या कमांड पाठ केल्या, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी सरांची नजर चुकवून एक गेमही खेळला. पांढरे कपडे घातलेला एक अनवाणी राजपुत्र, अंधारी तळघरं, जमिनीतून वर येणाऱ्या अणकुचीदार सळया आणि हातात फक्त एक तास. तोच हा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. पुढच्या पिढीने याच नावाचा गेम प्लेस्टेशनवर किंवा सायबर कॅफेत पाहिला, पण तो वेगळाच होता. त्यात राजपुत्र भिंतीवरून धावत होता आणि वेळ मागे फिरवत होता. आता मोबाइल-कन्सोलवाली पिढी तिसराच गेम खेळते आणि त्याचा नायक तर राजपुत्रही नाही.

त्यामुळे ‘सगळ्यात चांगला प्रिन्स कोणता’ हा वाद निघाला की काका एक नाव घेतात, दादा दुसरं आणि धाकटा तिसरं. हे सगळे भाग एका मापाने मोजायचे तर एक प्रश्न उपयोगी पडतो : खेळणाऱ्याची चूक झाली तर गेम त्याचं काय करतो? जवळपास प्रत्येक मुख्य भागाने या प्रश्नाला आपलं वेगळं उत्तर दिलं आहे. (पुढे काही भागांचे शेवट सांगितले आहेत, हे आधीच लक्षात घ्यावं.)

पहिला भाग (१९८९) : चुकीला माफी नाही

हा गेम मुळात एकट्या माणसाने बनवला. अमेरिकेच्या जॉर्डन मेकनरने कॉलेजात असतानाच ‘कराटेका’ नावाचा गेम केला होता आणि तो १९८४ मध्ये आला. त्यानंतर त्याने आपल्या धाकट्या भावाला, डेव्हिडला, पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला आणि लोंबकळायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि त्यातली एकेक चौकट कॉम्प्युटरवर गिरवली. राजपुत्राचं धावणं इतकं खरं वाटतं ते त्यामुळे. तलवारबाजीसाठी त्याने १९३८च्या रॉबिन हूडवरच्या हॉलिवूडपटातल्या द्वंद्वाची मदत घेतली. संगीत वडिलांनी, फ्रान्सिस मेकनर यांनी दिलं. ब्रॉडरबंड कंपनीने १९८९ मध्ये हा गेम अ‍ॅपल टू या कॉम्प्युटरसाठी काढला. तिथे तो फारसा खपला नाही. डॉस आणि इतर यंत्रांवर आला तेव्हा मात्र जगभर गेला.

गोष्ट साधी आहे. सुलतान लढाईवर गेला आहे, वजीर जाफर राजकन्येला म्हणतो : एका तासात लग्नाला हो म्हण, नाहीतर मर. राजपुत्र तळघरात कैद आहे. हा तास खऱ्या घड्याळाचा तास आहे. राजपुत्र मेला तर ती पायरी पुन्हा सुरू करता येते, पण गेलेली मिनिटं परत मिळत नाहीत. दोन मजले खाली पडलात तर दुखापत, तीन मजले पडलात तर खेळ खल्लास. खेळणारा हळूहळू शिकतो : सळयांतून सावकाश चालत जायचं, निखळणारी फरशी आधी चाचपायची, कचकन मिटणाऱ्या जबड्याचा ठेका मोजायचा.

या भागातली सगळ्यात अवघड चाल मात्र तलवारीची नाही. चौथ्या पायरीवर राजपुत्र आरशातून उडी मारतो आणि त्याची सावली सुटी होते. पुढे ती त्याचं औषध पळवते, त्याला खाली पाडते. शेवटच्या टप्प्यात ती तलवार उपसून समोर येते. तिला मारलेला प्रत्येक वार आपल्यालाच लागतो. उपाय एकच : तलवार म्यान करायची. मग दोघं एक होतात आणि वाट मोकळी होते. ही सावली जन्माला आली तीही अडचणीतून. अ‍ॅपल टूच्या मेमरीत नवं पात्र मावत नव्हतं, म्हणून मेकनरने राजपुत्राचीच चित्रं वापरून त्याचा शत्रू तयार केला.

डॉसवर ‘प्रिन्स’पुढे ‘मेगाहिट’ टाइप केलं की पायऱ्या ओलांडायची पळवाट मिळायची, हे गुपित तेव्हा तोंडोतोंडी पसरलं होतं. गेमचा मूळ प्रोग्राम हरवलाच असं मेकनर धरून चालला होता. वडिलांना घरात जुन्या फ्लॉपी सापडल्या आणि २०१२ मध्ये त्याने तो प्रोग्राम सगळ्यांसाठी खुला केला.

दुसरा (१९९३) आणि थ्रीडी (१९९९)

‘द शॅडो अँड द फ्लेम’ या दुसऱ्या भागात वेळ ७५ मिनिटं आहे. जाफर राजपुत्राचं रूप घेऊन राजवाड्यात बसतो आणि खऱ्या राजपुत्रालाच भिकारी ठरवून पळवून लावतो. समुद्र, सांगाड्यांचं बेट, गुहा, उडता गालिचा असा मोठा पसारा आहे. चित्रं पहिल्यापेक्षा देखणी, पण एकेका खोलीत चार-चार शत्रू अंगावर येतात तेव्हा पहिल्या भागातला नेमकेपणा हरवतो. १९९९च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी’त कॅमेरा आणि राजपुत्र दोघेही खेळणाऱ्याचं ऐकत नाहीत. चूक आपली की यंत्राची, हेच कळत नसेल तर शिकायचं काय? तुलनेत हा भाग सगळ्यात मागे पडतो.

द सँड्स ऑफ टाइम (२००३) : चूक पुसता येते

मालिका युबिसॉफ्ट कंपनीकडे गेली. मॉन्ट्रियलच्या स्टुडिओत पॅट्रिस देसिले यांच्या हाताखाली नवा गेम घडला आणि गोष्ट लिहायला पुन्हा मेकनर आला. इथे राजपुत्राकडे काळाचा खंजीर आहे. कड्यावरून पडलात, वार चुकला, तर बटण दाबून धरायचं आणि शेवटचे काही सेकंद उलटे फिरवायचे. खंजिरातली वाळू मोजकी असते, म्हणून ही माफी फुकट नाही. पहिल्या गेममध्ये सतत पुढे पळणारा काळ इथे खेळणाऱ्याच्या हातात आला.

भारतीय वाचकासाठी या भागात आणखी एक ओढ आहे. गोष्ट सुरू होते ती भारतातल्या एका महाराजाच्या राजवाड्यावरच्या हल्ल्याने. राजपुत्र आणि त्याचे वडील शारामन हल्लेखोर आहेत, तर नायिका फराह ही त्या हरलेल्या महाराजाची मुलगी, म्हणजे युद्धकैदी. महाराजाचा फितूर वजीर राजपुत्राला फसवतो, राजपुत्र स्वतःच्या हाताने वाळूचं घड्याळ उघडतो आणि सारं शहर राक्षस होऊन बसतं. म्हणजे नायकाची पहिली मोठी चूक खेळणाऱ्याकडूनच करवून घेतली जाते आणि ती खंजिराने लगेच पुसता येत नाही.

पूर्ण गेम म्हणजे राजपुत्र सांगत असलेली आठवण आहे. खेळणारा मेला की तो स्वतःलाच थांबवतो आणि असं काही घडलंच नव्हतं म्हणून गोष्ट दुरुस्त करतो. शेवटी तो सगळा काळ मागे फिरवतो. फराह जिवंत होते, पण तिला त्याची ओळखही राहत नाही. दोघांमधला विश्वास हीच त्या दुरुस्तीची किंमत. जाताना तो तिला एक शब्द ऐकवतो, तिच्या आईने लहानपणी शिकवलेला आणि तिने फक्त त्यालाच सांगितलेला : ‘काकोलूकिया’. पंचतंत्र वाचलेल्यांचे कान इथे टवकारतात, कारण कावळे आणि घुबडांच्या गोष्टींच्या तिसऱ्या तंत्राचं नावच ‘काकोलूकीयम्’ आहे.

लढाया मात्र त्याच त्याच होतात, हा या भागाचा खरा दोष.

वॉरियर विदिन (२००४) आणि द टू थ्रोन्स (२००५) : हिशेब चुकता करायची वेळ

२००४च्या भागाने विचारलं : काळाशी असा खेळ केला तर मोकळं कसं सोडतील? काळाचा रखवालदार ‘दहाका’ राजपुत्राच्या मागे लागतो. जवळपास पूर्ण गेमभर त्याला मारता येत नाही, फक्त पळायचं. पडद्याचा रंग उडाला की पाय आपोआप धावू लागतात. तलवारबाजी इथे सगळ्यात चांगली आहे. पण पहिल्याचा हळवा, थट्टेखोर राजपुत्र इथे खुनशी झाला, पार्श्वभूमीला हेवी मेटल वाजू लागलं आणि रक्त वाढलं. मेकनरनेही या बदलाबद्दल उघड नापसंती दाखवली. तरी दहाकाच्या पाठलागासाठी हाच भाग लाडका मानणारे कमी नाहीत.

‘द टू थ्रोन्स’मध्ये राजपुत्र बॅबिलॉनला परततो. वाळूची बाधा होऊन त्याच्या अंगात दुसरा, काळा राजपुत्र वस्तीला येतो आणि सतत टोमणे मारत राहतो. शेवटी त्याला तलवारीने हरवता येत नाही, त्याच्याकडे पाठ फिरवून उजेडाकडे चालत जावं लागतं. १९८९ची सावली आठवते ती इथेच. दोन टोकांच्या भागांचा मेळ घालणारा हा समंजस तिसरा भाऊ आहे.

प्रिन्स ऑफ पर्शिया (२००८) : मरणच नाही

या भागाइतका वाद दुसऱ्या कुठल्या भागावर झाला नसेल. राजपुत्र दरीत पडला की एलिका नावाची राजकन्या त्याचा हात धरून मागच्या जागी आणून ठेवते. दर वेळी. हरायची सोयच नाही, मग खेळायचं कशाला, असा सूर लागला. रंगवलेल्या चित्रासारखी दृश्यं आणि दोघांचं बोलणं मात्र आजही ताजं वाटतं. आणि गेमने सगळी शिक्षा शेवटासाठी राखून ठेवली आहे. अंधाराच्या देवाला, अहरिमानला, पुन्हा कोंडण्यासाठी एलिका जीव देते. मग तिला परत आणायला खेळणारा स्वतःच्या हाताने उजेडाची झाडं तोडतो आणि सगळं कमावलेलं घालवतो. इतके तास एकाही चुकीची किंमत न मोजलेला माणूस इथे जाणूनबुजून एक चूक करतो. हा भाग सोपा आहे खरा, पण पोकळ नाही.

२०१०चा ‘द फर्गॉटन सँड्स’ हॉलिवूडच्या सिनेमाच्या आगेमागे आला. वाहतं पाणी गोठवून त्याला लोंबकळायची कल्पना झकास, गोष्ट जेमतेम.

द लॉस्ट क्राउन (२०२४) : चूक लक्षात ठेवा

मधे बराच काळ मोठा भाग आला नाही. देसिले यांच्या चमूने राजपुत्राच्या नव्या गेमसाठी केलेल्या कामातूनच ‘असॅसिन्स क्रीड’ जन्मला होता आणि २००७ नंतर घराचा कर्ता तोच होऊन बसला. जानेवारी २०२४ मध्ये फ्रान्समधल्या माँपेलिएच्या स्टुडिओने ‘द लॉस्ट क्राउन’ आणला आणि मालिका पुन्हा बाजूने दिसणाऱ्या पडद्यावर, म्हणजे मुळाकडे गेली. नायक सार्गोन हा राणीच्या ‘इम्मॉर्टल्स’ या योद्ध्यांपैकी एक. पळवून नेलेल्या राजपुत्राला शोधत तो काळ बिघडलेल्या काफ पर्वतावर येतो. सीमुर्ग पक्ष्यासारख्या इराणी दंतकथा इथे नुसत्या नावापुरत्या नाहीत आणि सगळे संवाद फारसीत ऐकायचीही सोय आहे.

इथे उडी चुकली तर थोडी ताकद जाते आणि जवळूनच पुन्हा सुरुवात होते, लढाईत मेलात तर मागच्या सोनेरी झाडापाशी. खरी नवी गोष्ट वेगळीच. एखादी वाट बंद दिसली की त्या जागेचं चित्र टिपून नकाशावर टाचता येतं. नवी शक्ती मिळाली की कुठे परतायचं ते विसरायला होत नाही. चूक पुसायची नाही, तिची नोंद ठेवायची.

पुणे-मुंबईचा राहिलेला भाग

या मालिकेचा एक धागा थेट महाराष्ट्रात येतो. सप्टेंबर २०२० मध्ये ‘सँड्स ऑफ टाइम’ नव्याने बनवायची घोषणा झाली आणि ते काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई स्टुडिओंकडे होतं. भारतातल्या राजवाड्यातून सुरू होणारी गोष्ट भारतातच नव्याने घडणार होती. पण पहिल्या झलकेतल्या चित्रांवर जगभरातून टीका झाली. जानेवारी २०२१ची तारीख मार्चवर गेली, मग बेमुदत पुढे ढकलली गेली आणि मे २०२२ मध्ये काम मॉन्ट्रियलकडे परत गेलं. पुण्या-मुंबईचा तो राजपुत्र खेळणाऱ्यांच्या हातात आलाच नाही. पडद्यावरच्या राजपुत्राला दुसरी संधी देणारा खंजीर स्टुडिओंना मिळत नाही.

कोणी कुठून सुरुवात करावी?

गोष्ट हवी असेल तर २००३चा ‘सँड्स ऑफ टाइम’. सगळी मालिका एका भागात समजून घ्यायची तर तोच. खेळण्याची मजा आणि आजची सफाई हवी असेल तर २०२४चा ‘लॉस्ट क्राउन’. घरात लहान मूल असेल किंवा गेमची सवय नसेल तर २००८चा भाग, कारण तो कोणाला हाकलून देत नाही. लढाईची खुमखुमी असेल तर ‘वॉरियर विदिन’, पण लहानांसाठी नाही.

आणि १९८९चा पहिला? त्याला या रांगेत बसवणं अवघड आहे. चित्रं जुनी आहेत, आवाज मोजके आहेत आणि तो दयामाया दाखवत नाही. पण पुढच्या सगळ्या भागांनी ज्या प्रश्नाची उत्तरं शोधली, तो प्रश्न त्याने विचारला. क्रमांक लावायचाच तर गोष्टीसाठी ‘सँड्स ऑफ टाइम’ पहिला आणि नेमकेपणासाठी १९८९चा त्याच्या खांद्याला खांदा लावून उभा. ज्यांनी तो क्लासमध्ये अर्धाच सोडला, सावलीपुढे हरून, त्यांनी आता एकदा पुन्हा तिथवर जावं. तलवार म्यान करायची, एवढंच तेव्हा राहिलं होतं.